ज्वालामुखीला तीन साक्षीदार

ऑफिसातले किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही हो. मस्कतच्या धुळीसारखे ते आपोआप साचतात. रोज फडकं मारलं तर कळतही नाही, आणि आठ दिवस दुर्लक्ष केलं की टेबलावर बोटाने नाव लिहिता येतं. आमच्याकडे तर सहा वर्षांत कुणी फडकं हातात घेतलेलंच नाही!

त्यातून आमचं ऑफिस म्हणजे एक नमुनाच. सुट्टीत डोंबिवलीला गेले की आत्या विचारते, "मनीषा, तू तिकडे नक्की करतेस तरी काय गं?"

मी सांगते, "ज्वालामुखीवर लक्ष ठेवते."

"अगंबाई! ओमानमध्ये ज्वालामुखी आहे?"

"नाही."

यावर आत्या माझ्याकडे ज्या नजरेने बघते, ती मला पुढच्या सुट्टीपर्यंत पुरते.

पण खरंच तसं आहे. आमचा ज्वालामुखी समुद्रापलीकडच्या एका बेटावर आहे आणि आम्ही मस्कतच्या कुरुम भागात, तिसऱ्या मजल्यावर, एका दातांच्या डॉक्टरच्या शेजारी. डोंगराच्या अंगावर आमची यंत्रं बसवलेली आहेत. भूकंपमापक जमिनीची थरथर टिपतो. टिल्टमीटर डोंगराचा उतार केसभर बदलला तरी चुगली करतो. गॅस सेन्सर गंधकाचा वास घेतो, आणि थर्मल कॅमेरा कुठे किती तापलंय ते रंगांत दाखवतो. हे सगळं सॅटेलाइटवरून आमच्या स्क्रीनवर येतं. डोंगराच्या पायथ्याशी मच्छीमारांची एक वस्ती आहे. डोंगराचं डोकं फिरलं तर त्या लोकांना वेळेत बोटींत बसवायचं, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप.

माणसं म्हणाल तर चारच. बॉस म्हणजे मुहंदिस हमूद. मुहंदिस म्हणजे इंजिनियर, इथे ते नावाआधी मानाने लावतात. मग नागपूरचे मेश्रामसर, आमचे मुख्य इंजिनियर. इशारा द्यायचा की नाही हे ते ठरवणार, आणि सहीही त्यांचीच. बबन हा मालवणकडचा टेक्निशियन, गाडीही तोच चालवतो. आणि चौथी मी, आकडे बघणारी. बेटावर सालेम नावाचा आमचा एक माणूस राहतो. तो सोलर पॅनल पुसतो, बॅटऱ्या बदलतो, आणि मुंबईच्या खलाशांकडून शिकलेल्या हिंदीत रोज फोनवर सांगतो, "साब, सब तमाम!" तमाम म्हणजे अरबीत ठीकठाक.

बस, एवढीच मंडळी.

*

पहिला किस्सा बकरीचा. हा आधी सांगायलाच हवा, कारण पुढचं सगळं रामायण तिनेच घडवलं.

एकदा दुपारी टिल्टमीटर कलला. त्याच वेळी शेजारचा भूकंपमापकही खडखडायला लागला. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी जास्तच! दोन यंत्रं एकच गोष्ट सांगतायत म्हटल्यावर मेश्रामसरांनी देवाचं नाव न घेता, पण छातीवर हात ठेवून इशारा पाठवला. सगळी वस्ती चुलीवरची भांडी तशीच टाकून बोटींत जाऊन बसली. भर उन्हात, दिवसभर.

डोंगर ढिम्म.

संध्याकाळी सालेम हिंमत करून वर गेला. थोड्या वेळाने त्याचा फोन. सरांनी स्पीकर लावला.

"साब, ज्वालामुखी मिल गया."

"मतलब?"

"पॅनल के नीचे छाया में बैठा है. मशीन के ढक्कन पर. साब, उसका दो बच्चा भी है!"

आम्ही तिघं हसून हसून लोळलो. सर हसले नाहीत. कारण दुसऱ्याच दिवशी क्लायंटचं पत्र आलं. हे क्लायंट लांब थंड देशात बसून करार सांभाळतात. पुन्हा एक खोटा इशारा गेला तर करार रद्द, असं त्यांनी साफ लिहिलं होतं. शिवाय नवा नियम घातला: यापुढे तीन वेगवेगळ्या साधनांनी एकच सांगितल्याशिवाय इशारा द्यायचा नाही.

"कोर्टात दोन साक्षीदार पुरतात," हमूद म्हणाले, "आणि या डोंगराला तीन!"

करार गेला की आमचे व्हिसा गेले. मी आणि बबन कसंही निभावून नेलं असतं, पण सरांची मुलगी इथल्या इंडियन स्कूलमध्ये बारावीला होती. ऐन वर्षात बाडबिस्तरा गुंडाळून तिला नागपूरला न्यायचं म्हणजे पोरीच्या वर्षाचं वाटोळं. सर मला एकदा म्हणाले, "मनीषाताई, खोटा इशारा गेला तर नोकरी जाते. आणि खरा द्यायचा राहून गेला तर..." हे वाक्य त्यांनी माझ्यासमोर कधीच पुरं केलं नाही.

*

तीन साक्षीदारांचं भूत सरांच्या मानगुटीवर असं बसलं की विचारू नका. मुलीला कणकण वाटली तर घरात तीन थर्मामीटर. निझव्याला जायचा रस्ता तीन जणांना विचारायचे, आणि तिघांनी एकच सांगितलं की उलट जास्त घाबरायचे!

बुद्धपौर्णिमेला त्यांच्याकडे खीर खायला गेलो होतो. वहिनींनी वाट्या भरल्या. सरांनी एक चमचा तोंडात घातला. मग माझ्याकडे बघितलं. मग बबनकडे.

बबन म्हणाला, "सर, साखर जरा कमी आसा."

मी म्हटलं, "हो, किंचित."

तेव्हा कुठे सर बायकोला म्हणाले, "अवो, खिरीत साखर कमी आहे जी."

वहिनी शांतपणे म्हणाल्या, "लग्नाला होकार देताना कोणाकोणाला विचारलं होतं?"

*

बेटावर जाणारं प्रत्येक नवं यंत्र आधी कुरुमला आमच्या टेस्टरूममध्ये आठवडाभर ठेवायचं, अशी आमची पद्धत आहे. खोली बंद, एसी फुल, आत कुणी जायचं नाही.

एकदा नवा गॅस सेन्सर ठेवला होता. फार नाजूक नाकाचा! सकाळभर आकडा शून्य. बरोबर दीड वाजता आकड्याने उडी मारली. दुसऱ्या दिवशी दीड वाजता पुन्हा. टेस्टरूममध्ये तपासणीसाठी गॅसचा छोटा सिलिंडर असतो. तोच गळतोय असं समजून सरांनी सगळा मजला रिकामा करायला लावला. आम्ही खाली. ट्रॅव्हल एजन्सीवाले खाली. दातांचे डॉक्टर खाली, आणि त्यांच्यामागून गळ्यात निळा रुमाल, अर्धा जबडा बधिर, अशा अवस्थेत एक भलेमोठे पेशंटही खाली!

हमूदनी माणसं मोजली. बबन नाही.

सर जीव मुठीत धरून वर धावले. टेस्टरूमचं दार उघडलं तर बबन जमिनीवर आडवा. सर किंचाळलेच. तसा बबन डोळे चोळत उठून बसला. ऑफिसातली सगळ्यात गार खोली म्हणून स्वारी रोज जेवण झालं की इथे डुलकी काढायला यायची. उशाशी ताकाचा तांब्या. ताकात सढळ हाताने पादेलोण! त्याचा तो गंधकाचा वास थेट सेन्सरच्या नाकात जात होता.

"अरे, बाहेर पाटी आहे ना, आत येऊ नये म्हणून?" सर ओरडले.

"होय सर, पण माका काय म्हायत ह्या यंत्राक ताक चलणा नाय ता!"

हमूदनी सगळं ऐकून घेतलं आणि कुतूहलाने तांब्यातलं ताक पेल्यात ओतून एक घोट घेतला. ओमानी माणूस ताकाला नाही म्हणत नाही. पण पादेलोण त्यांना नवीन होतं. तो घोट त्यांनी बराच वेळ तोंडातच ठेवला, मग कसाबसा गिळला.

"वल्लाह," ते म्हणाले, "माझ्यापेक्षा सेन्सर हुशार आहे."

*

थर्मल कॅमेऱ्याची तर आम्ही सगळ्यांनीच धास्ती घेतली. तो माणूस दाखवतोच, पण माणूस उठून गेल्यावरही त्याची ऊब दाखवतो.

हमूद निझव्याला गेले होते, तिथे त्यांचं घर आहे. दोन दिवस येणार नव्हते. मांजर बाहेर गेलं की उंदरांचं राज्य, तसं आमचं चाललं होतं. आम्ही कॅमेरा तपासायला लावला होता, आणि चित्र भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर. तेवढ्यात दार उघडलं आणि हमूद आत! कसलंतरी काम लवकर उरकलं म्हणे.

आम्ही सगळे आपापल्या जागी, एकदम सज्जन. पण स्क्रीनवर हमूदची रिकामी खुर्ची झळकत होती. निळ्या खोलीत नारिंगी खुर्ची! पाठीचा आकार, बसल्याचा आकार, खुर्चीच्या हातांवर दोन कोपरं, सगळं छापल्यासारखं स्पष्ट.

हमूद स्क्रीनकडे बघत राहिले. मग आमच्याकडे. बबनने तर श्वास धरला होता, आणि तोही कॅमेऱ्यात दिसत होता.

हमूद म्हणाले, "मी नसताना इथे कुणीतरी बॉस झालं होतं. छान." मग त्यांनी कपाट उघडलं, तुंबलेल्या फायलींचा गठ्ठा काढला आणि मधल्या टेबलावर आपटला. "बॉसला सांगा, जाण्याआधी एवढं वाचून संपवायचं."

त्या गुरुवारी, शुक्रवारच्या सुट्टीच्या तोंडावर, आम्ही तिघांनी मिळून फायली उपसल्या. खुर्चीत कोण बसलं होतं ते आजतागायत कुणी कबूल केलेलं नाही. खुर्ची मात्र फार आरामशीर आहे, एवढं मी खात्रीने सांगू शकते!

*

भूकंपमापक तपासायला शांत जागा लागते. कुरुममध्ये ट्रक गेला तरी तो दचकतो. म्हणून आम्ही निझव्याच्या पुढे, डोंगरातल्या एका गावात जातो. तिथे एका म्हाताऱ्याच्या खजुराच्या बागेशेजारी कातळ आहे, त्यावर यंत्र ठेवायचं. म्हातारा भला माणूस. खजूर आणि कहवा, म्हणजे इथली बिनदुधाची कॉफी, घेतल्याशिवाय कामाला हात लावू देत नाही.

इथला रिवाज असा की, कहवा इवल्याशा पेल्यात देतात. पेला रिकामा केलात की यजमान पुन्हा भरणार. पुरे झालं तर तोंडाने नाही म्हणायचं नाही, पेला हातात धरून जरासा हलवायचा. हे आम्हाला माहीत. बबनला नव्हतं.

एकदा सर, हमूद आणि मी यंत्र लावायला गेलो, बबनला म्हाताऱ्यापाशी बसवलं. बबनला वाटलं, नको म्हणणं बरं दिसत नाही. म्हाताऱ्याला वाटलं, पाहुण्याचं मन भरलं नाही. दोघंही हट्टी सभ्य! तासाभराने आलो तर बबनचे डोळे तारवटलेले, म्हातारा घामाघूम, आणि शेजारच्या घरातून दुसरी किटली मागवलेली.

म्हाताऱ्याने हमूदना हळूच विचारलं, "या बिचाऱ्याला तुमच्याकडे पाणी मिळत नाही का?"

सरांनी बबनच्या हातातला पेला काढून घेतला. "काहून रे बाप्पा! जन्मभर हादरे मोजतो तू, एक हादरा स्वतः देता आला नाही?"

*

हे सगळे हसण्याचे झाले. आता शेवटचा.

गेल्या वर्षीची गोष्ट. एका सोमवारी सकाळी भूकंपमापकाची रेघ जाड झाली. बारीक थरथर, पण थांबेना. तासाभराने टिल्टमीटर कलायला लागला. सर खुर्ची ओढून माझ्या शेजारी येऊन बसले.

तिसरा साक्षीदार? गॅस सेन्सर दुरुस्तीला आमच्याकडे आलेला, तोंड उघडून टेबलावर पडलेला. कॅमेऱ्यासमोर तीन दिवस धुरकट हवा, काही म्हणजे काही दिसत नव्हतं. आणि उरलेली दोन यंत्रं कोणती, तर मागच्या खेपेला दगा दिलेलीच!

सरांनी सालेमला फोन लावला. "सालेम, सब ठीक?"

"साब, सब तमाम! मशीन तमाम, पॅनल साफ, बकरी बाहर." जरा थांबून तो म्हणाला, "बस, घर में बीवी का दिमाग गरम है."

"काय झालं?"

मग त्याने सांगितलं. त्याची बायको उम्म राशिद, म्हणजे राशिदची आई. परक्या पुरुषासमोर बाईचं नाव घेत नाहीत, मुलाच्या नावाने ओळख सांगतात. तर उम्म राशिद चार दिवस नवऱ्याला शिव्या देत होती, की विहिरीचं पाणी तापतंय आणि तू यंत्रं पुसत बसलायस.

सर ताठ बसले. "तिला विचार, किती तापलंय? रोज किती?"

पलीकडे बोलाचाली झाली. बाईचा आवाज आम्हाला इथपर्यंत ऐकू आला. सालेम एकेक सांगत गेला आणि सर लिहीत गेले. शुक्रवारी कोमट. शनिवारी पोरांच्या आंघोळीला चालेल असं. रविवारी ओढलेली बादली तशीच ठेवून द्यावी लागली. आज सकाळी घडा हातात धरवेना. विहीर तिच्या आज्यापासूनची, आणि असं तिने जन्मात पाहिलेलं नव्हतं.

"और बोलती है," सालेम ओशाळून म्हणाला, "उस हिंदी को पूछो, उसको नहाना है क्या?" हिंदी म्हणजे भारतीय, अर्थात आमचे सर.

सरांनी इशाऱ्याचा फॉर्म उघडला. तीन रकाने, तीन साधनांची नावं. पहिल्यात भूकंपमापक. दुसऱ्यात टिल्टमीटर. तिसऱ्यात त्यांनी टाइप केलं: उम्म राशिद. पुढे चार दिवसांची चार रीडिंग्ज.

मी म्हटलं, "सर, क्लायंट विचारतील."

"विचारू दे."

हमूदनी फॉर्म वाचला. "मेश्राम, तुझी मुलगी बारावीला आहे ना?"

"हो."

"तरी पाठवतोस?"

"तिथेही कोणाच्या तरी मुली आहेत ना जी," सर म्हणाले.

हमूद म्हणाले, "यल्ला, पाठव."

दुपारपर्यंत वस्ती बोटींत बसली. डोंगर गप्प. एक वाजता क्लायंटची मेल आली: "तिसरे उपकरण 'उम्म राशिद' आमच्या यादीत आढळत नाही. उत्पादक कंपनी, मॉडेल, सिरियल नंबर आणि शेवटच्या तपासणीची तारीख तात्काळ कळवावी." एरवी आम्ही यावर आठवडाभर हसलो असतो. त्या दिवशी बबनसुद्धा हसला नाही.

तीन वाजता सालेमचा फोन. लोक वैतागले होते, ऊन भाजत होतं, परत जाऊ का म्हणून विचारत होता. सर म्हणाले, "नाही. अजून नाही." फोन ठेवून त्यांनी डोळे मिटून घेतले. मला त्या माणसाची इतकी दया आली, की उठून मी उगाच चहा करायला गेले.

पावणेपाचला टिल्टमीटर बंद पडला. भूकंपमापकाची रेघ आधी सगळी काळी झाली, मग सपाट. कॅमेऱ्याचा पडदा पांढराशुभ्र झाला आणि गेला. स्क्रीनवर एकेक करून सगळे दिवे लाल झाले.

दहा मिनिटं फोन लागेना. मग सालेमचाच आला. मागे समुद्र, माणसांचा कालवा, रडारड. डोंगर फुटला होता आणि वस्तीवर राख पडत होती.

"लोग?" सरांनी विचारलं.

"सब बोट में, साब. सब."

सर टेबलावर डोकं ठेवून लहान मुलासारखे रडले. मीही रडले, त्यात लपवायचं काय? हमूद खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले, आणि बबन पाण्याचा पेला घेऊन नुसताच सगळ्यांच्या मागे फिरत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लायंटची मेल आली. इशारा वेळेत दिल्याबद्दल आभार मानले होते. खाली एक प्रश्न होता: बेटावरील उपकरणांपैकी सध्या कोणती चालू स्थितीत आहेत, त्यांची यादी पाठवावी.

सरांनी मला टाइप करू दिलं नाही. चष्मा पुसला, कीबोर्ड पुढे ओढला आणि स्वतः एका बोटाने उत्तर लिहिलं.

"एकूण चालू उपकरणे: एक. उम्म राशिद."